डॉ. विल्यम बड : रोगाच्या बीजाला पहारा हवा, हे ओळखणारे ब्रिस्टलचे वैद्य

ब्रिस्टलच्या अर्नोस व्हेल स्मशानभूमीत राजा राममोहन रॉय यांच्या समाधीचे दर्शन घ्यायला भारतीय मंडळी आवर्जून जातात. त्याच भूमीत डॉ. विल्यम बड चिरविश्रांती घेत आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, कसा पसरतो याचा उलगडा करणारे वैद्य म्हणून इतिहासाने त्यांची नोंद घेतली आहे. गुरामेंढ्यांच्या साथींवर त्यांनी केलेले लेखन मात्र विस्मृतीत गेले. घातक पशुरोगांचे जंतू परवान्याशिवाय बाळगणे आज ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. या कायद्याला आधारभूत असलेला विचार बड यांनी जंतू कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच मांडला होता.

१८११ साली डेव्हन परगण्यातील नॉर्थ टॉटन या गावी त्यांचा जन्म झाला. वडील शल्यवैद्य होते आणि अनेक भावांनीही वैद्यकीचाच मार्ग धरला. पॅरिसमध्ये काही वर्षे शिकून विल्यम यांनी १८३८ साली एडिंबरा येथे पदवी घेतली. तरुणपणी त्यांना स्वतःला विषमज्वराने ग्रासले होते. गावी परतून व्यवसाय सुरू केल्यावर १८३९ साली तोच ताप तेथे उसळला आणि काही महिन्यांत ८० हून अधिक रुग्ण त्यांच्या हाताखालून गेले. लहान गावात कोण कोणाकडे जातो, हे सर्वांना माहीत असते. आजारी माणसे गाव सोडून जेथे गेली तेथे नवे रुग्ण निर्माण झाले, हे बड यांनी टिपून ठेवले. ताप हवेतून अवतरत नाही, तो आधीच्या रुग्णाकडूनच येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१८४० च्या दशकारंभी ते ब्रिस्टलला स्थायिक झाले. प्रथम सेंट पीटर्स रुग्णालयात आणि १८४७ पासून ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत त्यांनी काम केले. क्लिफ्टनमधील रिचमंड टेरेस या सुखवस्तू वस्तीत त्याच वर्षी ताप पसरला. त्या ओळीत ३४ घरे होती. त्यांपैकी १३ घरे एकाच विहिरीचे पाणी भरत, आणि आजाराचा घाला त्याच घरांवर पडला. रुग्णाच्या मलातील विष गटारातून विहिरीत आणि विहिरीतून घागरीत पोहोचते, ही साखळी त्यांना स्पष्ट दिसली.

त्या काळचे बहुसंख्य विद्वान वेगळे मानत. चार्ल्स मर्चिसन यांच्यासारखे नामवंत वैद्य म्हणत की कुजणाऱ्या घाणीतून हा ताप नव्याने उद्भवतो. वरवर हा वाद ग्रंथांपुरता वाटतो. पण रोग आपोआप उपजत असेल, तर त्याला कोणी जबाबदार नाही आणि कायद्याने अडवण्यासारखेही फारसे काही उरत नाही. रोग मात्र आधीच्या रोगापासूनच येत असेल, तर त्याचा माग काढता येतो, त्याला कोंडता येते आणि नष्टही करता येते. बड आयुष्यभर हेच सांगत राहिले.

प्रतिपक्षाला पटेल असा पुरावा माणसांत मिळणे कठीण होते, कारण माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून त्यांनी जनावरांकडे लक्ष वळवले. १८६२ साली विल्टशरमधील कळपांत मेंढ्यांची देवी पसरली. टोचणीने हा रोग एका मेंढीतून दुसरीत नेता येतो, त्यामुळे संसर्गाचे नियम सिद्ध करायला याहून चांगले उदाहरण नाही, असे त्यांनी १८६३ साली लिहिले. जनावरांच्या फाशी रोगापासून माणसाला होणारी काळपुळी इंग्लंडातही आढळते, याकडेही त्यांनी याच सुमारास लक्ष वेधले.

१८६५ च्या उन्हाळ्यात खरी कसोटी आली. आपल्याकडे ज्याला बुळकांड्या म्हणतात तो गुरांचा रोग लंडनच्या गोठ्यांत प्रकटला आणि बाजारांच्या वाटेने देशभर फैलावला. वर्तमानपत्रांत औषधांच्या कृती छापून येऊ लागल्या. बड यांचा सल्ला कठोर होता : उपचाराच्या नादी न लागता आजारी जनावर तत्काळ मारावे आणि कळीच्या चुन्यासह खड्ड्यात पुरावे. बुळकांड्या हा गुरांचा विषमज्वरच आहे, ही त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली. उपाय मात्र अचूक निघाला. ज्याचे सारे घर चार गाईंवर चालते, त्याला हा सल्ला कसा वाटला असेल याची कल्पना करता येते. महिने वादात गेले आणि जनावरे मरत राहिली. अखेर फेब्रुवारी १८६६ मध्ये पार्लमेंटने सक्तीच्या कत्तलीचा आणि नुकसानभरपाईचा कायदा केला. पुढच्या वर्षी साथ संपली.

त्याच १८६६ साली ब्रिस्टलमध्ये कॉलरा शिरला. १८४९ च्या साथीत या शहराने १,९७९ माणसे गमावली होती. या वेळी बड यांच्या पद्धतीने रुग्णांचा मल, कपडे आणि शौचकूप जंतुनाशकांनी निर्विष करण्यात आले. मृत्यू झाले अवघे २९.

१८७३ साली विषमज्वरावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे काम थांबले. ९ जानेवारी १८८० रोजी क्लिव्हडन येथे त्यांचे निधन झाले. विषमज्वराच्या जंतूचे एबर्ट यांनी केलेले वर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

जंतू सापडले आणि त्यांना प्रयोगशाळेत वाढवणे शक्य झाले, तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला : अभ्यासासाठी जपलेले विष निसटले तर? मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण पुण्यात मिळते. १८८९ साली तेथे इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. बुळकांड्यासारख्या रोगाचे काम गजबजलेल्या गावाजवळ करणे धोक्याचे असल्याने १८९३ साली ती कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या एकाकी डोंगरावर हलवली गेली. त्या काळी अंतर हाच पहारा होता.

आता ते काम कायदा करतो. इंग्लंडमध्ये २००८ चा विनिर्दिष्ट पशुरोगजंतू आदेश लागू आहे. यादीतील जंतू परवान्याविना जवळ बाळगणे किंवा जनावरात सोडणे त्याने निषिद्ध केले आहे. भारताच्या २००९ च्या पशुरोग कायद्यानेही रोगजंतू निसटू नयेत याची जबाबदारी प्रयोगशाळांवर टाकली आहे.

या पहाऱ्याची परीक्षा ऑगस्ट २००७ मध्ये झाली. सरे परगण्यात लाळ्या-खुरकूत रोग उद्भवला आणि माग पिरब्राइटच्या संशोधन संकुलापर्यंत पोहोचला. तेथील सांडपाण्याच्या जुन्या, गळक्या वाहिन्यांतून विषाणू बाहेर पडला असावा, असे चौकशीत दिसून आले. पुन्हा गटारच! रिचमंड टेरेसच्या विहिरीपाशी बड यांनी दाखवलेली वाट १६० वर्षांनंतरही मोकळी होती.

२०११ साली बुळकांड्याचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. गोठ्यांतून रोग गेला, पण काही देशांच्या प्रयोगशाळांतील शीतपेट्यांत विषाणू उरला. पिरब्राइटने आपला साठा २०१९ साली नष्ट केला. बड यांचे म्हणणे खरे मानले, तर रोगाला जगात परतण्याची वाट आता केवळ अशा कुपीतूनच आहे. म्हणूनच ती कोणाच्या हाती आहे, हे विचारण्याचा अधिकार कायद्याकडे असावा लागतो.