एकनाथमहाराजांची वंशावळी

वाटूर येथें एका वृद्ध बंधूस आम्हीं त्याच्या पणजोबाचें नांव विचारलें. तो बराच वेळ आठवीत बसला, आणि शेवटीं त्यानें नकारार्थी मान हलविली. अशीच स्थिति पुष्कळांची आहे. म्हणून ज्या पुरुषानें आपल्या पणजोबाचें नांव लिहून ठेविलें, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवितों.

आमच्या गांवाच्या पश्चिमेस, गोदातीरीं पैठण आहे. तेथें सन १५३३ च्या सुमारास एकनाथांचा जन्म झाला. पिता सूर्यनारायण व माता रुक्मिणी हीं लवकरच वारलीं, आणि पोरक्या नातवाचें संगोपन आजोबा चक्रपाणि यांनीं केलें. चक्रपाणींचे वडील भानुदास हे मोठे विठ्ठलभक्त. विजयानगरास नेलेली विठ्ठलमूर्ति त्यांनींच पंढरपुरास परत आणिली, अशी परंपरा आहे.

पुढें देवगिरीस जनार्दनस्वामींपाशीं एकनाथ शिकले. गिरिजाबाईंशीं त्यांचा विवाह झाला, आणि पैठणास प्रपंच करीत असतां त्यांनीं ग्रंथ रचिले. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३ सालीं काशीस पुरी झाली. तिच्या आरंभीं त्यांनीं भानुदास, चक्रपाणि व सूर्यनारायण यांस क्रमानें वंदन केलें आहे. त्यामुळें ह्या वंशाचा शोध करणारास केवळ दंतकथेवर विसंबावें लागत नाहीं. त्यांचे पुत्र हरिपंडित, आणि कन्येचे पुत्र प्रसिद्ध कवि मुक्तेश्वर. १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १५९९ सालीं त्यांचा देहांत झाला.

एकनाथ बालवयांत होते, त्याच सुमारास, म्हणजे १५३८ सालीं, इंग्लंडांत प्रत्येक मंडळीनें बाप्तिस्मा, विवाह व प्रेतसंस्कार यांची नोंद ठेवावी असा हुकूम झाला. तेथील लोक आपल्या पूर्वजांचा माग ह्या वह्यांवरून काढितात. त्यापलीकडे जावयाचें तर मृत्युपत्रें व जमिनीचे कागद पाहावे लागतात. ज्याला जमीन नव्हती, त्याचें नांव बहुधा सांपडत नाहीं.

आपल्याकडेही तसेंच आहे. तापलेल्या वाळवंटांत रडणारें महाराचें मूल एकनाथांनीं कडेवर उचलून घरीं पोंचविलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या कथेंत मुलाचें नांव येत नाहीं. त्याच्या बापाचेंही येत नाहीं. ज्यांनीं उचलून घेतलें त्यांच्या चार पिढ्या आपण सांगतों. ज्याला उचललें तो नांवावांचून राहिला.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज त्या मुलासारखेच होते. मंडळीच्या दप्तरांत आपलीं नांवें आहेत. परंतु दप्तर सुरू होण्यापूर्वींचीं नांवें वृद्धांच्या आठवणींतच आहेत, आणि दरवर्षीं त्यांतलीं कांहीं मातीआड जात आहेत. वडिलांस विचारावें, आईकडील माणसांसही विचारावें, आणि गांवाच्या नांवासह तें वहींत लिहावें.

त्या वृद्ध बंधूस आजोबाचें नांव मात्र आठवत होतें. तें आम्हीं त्याच दिवशीं लिहून घेतलें.