रामचंद्रपंत अमात्य : आज्ञेची भाषा आणि बोलणाऱ्याचे वय व लिंग

बोलणाऱ्याचे वय आणि लिंग त्याच्या भाषेत उमटते, हे समाजभाषाविज्ञानातील परिचित तत्त्व होय. मराठीत तर ‘जातो’ आणि ‘जाते’ या क्रियारूपांतूनच बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. परंतु जेथे एकाच्या नावाने दुसरा बोलतो, तेथे हे तत्त्व कसे लागू करावयाचे? या प्रश्नाच्या दृष्टीने रामचंद्र नीलकंठ बावडेकर यांचे चरित्र विशेष अभ्यसनीय आहे.

रामचंद्रपंतांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी अष्टप्रधानांत अमात्यपद रामचंद्रपंतांकडे होते. मुजुमदार या फारसी पदनामाच्या जागी अमात्य ही संस्कृत संज्ञा रूढ होण्याचा तो काळ. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा महाराष्ट्रातील कारभाराची धुरा मुख्यतः रामचंद्रपंतांवर आली आणि ‘हुकमतपन्हा’ हा किताब त्यांना लाभला. संस्कृत पद आणि फारसी किताब एकाच व्यक्तीच्या नावाभोवती नांदावेत, हे त्या काळच्या राजभाषेचे बोलके चित्र आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गगनबावडा हे पुढे त्यांच्या घराण्याच्या जहागिरीचे ठाणे झाले व बावडेकर हे उपनाम रूढ झाले.

१७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले. ताराबाईंनी आपला अल्पवयीन पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून कारभार हाती घेतला. त्या वेळी ताराबाईंचे वय सुमारे पंचवीस आणि पुत्राचे चार वर्षांच्या आसपास होते. निर्णय आईचा, शिक्का मात्र मुलाच्या नावाचा, अशी ही व्यवस्था होती. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर झाले. ताराबाई व त्यांचा पुत्र कैदेत पडले आणि राजसबाईंचा पुत्र संभाजी गादीवर आला. या घडामोडीत रामचंद्रपंतांचा हात होता, असे अनेक इतिहासकार मानतात. व्यक्ती बदलल्या, तरी अल्पवयीन पुत्राच्या नावाआड स्त्रीची सत्ता ही रचना कायम राहिली.

या पार्श्वभूमीवर १७१५ मधील आज्ञापत्राकडे पाहावे लागते. हा ग्रंथ संभाजींच्या नावे आहे. परंपरेने त्याचे कर्तृत्व रामचंद्रपंतांकडे दिले जाते. १६९८ मध्ये जन्मलेले संभाजी त्या वेळी सुमारे सतरा वर्षांचे होते, तर अमात्यांच्या पदरी चार दशकांहून अधिक काळाचा राज्यकारभाराचा अनुभव होता. हे कर्तृत्व मान्य केल्यास वृद्ध प्रधान येथे तरुण राजाच्या मुखाने बोलतो. मराठी व्याकरणाने त्यास साह्य केले आहे. करावे, करू नये, राखावे ही विध्यर्थी रूपे बोलणाऱ्याचे वय सांगत नाहीत, लिंगही सांगत नाहीत. राजाचा उल्लेख ‘स्वामी’ या आदरार्थी पदाने होत असल्याने प्रथमपुरुषी क्रियापदाचा प्रश्नच पुष्कळदा उद्भवत नाही. ज्या रूपांमुळे अमात्याचे वार्धक्य झाकले जाते, त्याच रूपांमुळे राजमातेचे स्त्रीत्वही झाकले जाऊ शकते.

तरीही वयाची खूण पूर्णपणे लोपत नाही. मात्र ती प्रत्ययांत शोधून सापडत नाही. आरमारासाठी लाकूडतोडीचे नियम सांगताना आंबा-फणसांसारखी झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती दीर्घकाळ लेकरांसारखी जोपासलेली असतात, हा विचार आज्ञापत्रात येतो. साहुकार, वतनदार, टोपीकर आणि दुर्ग यांविषयीच्या विवेचनातही परिणामांचा दूरवर विचार करणारी सावध दृष्टी आहे. अनुभवाचे हे वजन सतरा वर्षांच्या राजापेक्षा त्याच्या प्रधानाशी अधिक जुळते. अर्थात, नीतिग्रंथांच्या परंपरेतही असा प्रौढ स्वर असतोच. त्यामुळे केवळ एवढ्यावरून कर्तृत्व सिद्ध झाले असे मानता येत नाही.

१७१६ मध्ये रामचंद्रपंतांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रातून भाषाभ्यासकास एक पथ्य मिळते. ऐतिहासिक पत्रांत नावाचा धनी, निर्णय घेणारी व्यक्ती आणि शब्द योजणारा कारकून या तिघांना वेगळे ओळखल्याखेरीज वय व लिंग यांविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. अन्यथा ताराबाई आणि राजसबाई यांच्या कारकिर्दीतील सारा पत्रव्यवहार पुरुषांची भाषा म्हणून मोजला जाईल, आणि ज्यांच्या इच्छेने ती पत्रे निघाली त्या स्त्रिया मराठी गद्याच्या इतिहासात अबोलच राहतील.