कस्तुरबा आणि भितिहरव्याची शाळा

कस्तुरबा गांधी १८६९ साली गुजरातेत पोरबंदरला जन्मल्या. सगळे त्यांना बा म्हणत. लहानपणी त्यांना शाळा मिळाली नाही. १९१७ मध्ये गांधीजींनी बिहारच्या चंपारणात भितिहरवा गावी शाळा काढली. बा तिथे राहून बायकांना स्वच्छता शिकवू लागल्या. शाळा होती बांबू-गवताची. एका रात्री कुणीतरी ती पेटवून दिली! पण शाळा बंद पडली नाही. बांच्या सोबतीला बेळगावचे सोमण वकील होते. ते स्वतः राबले, लोकांनी हातभार लावला आणि विटांची पक्की शाळा उभी राहिली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान महालात कैदेत असताना बा वारल्या. भितिहरव्याचा आश्रम आजही जपून ठेवलाय. आपली शाळाही आपणच जपायची, बरं का!