मादाम क्लिकोचं टेबल

शिकायला किंवा फिरायला पॅरिसला जाणार असाल, तर एक दिवस रॅन्स शहरासाठी राखून ठेवा. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही ट्रेन साधारण पाऊण तासात तिथं पोचवते. 'व्हव क्लिको' हे १७७२ पासूनचं शॅम्पेन बनवणारं घराणं याच गावातलं. त्यांची तळघरं बघायला आणि वाइन चाखायला आधी बुकिंग करावं लागतं. पण बुकिंगच्याही आधी हे नाव समजून घ्या. 'व्हव' म्हणजे विधवा!

ही विधवा म्हणजे बार्ब-निकोल. जन्म १७७७ चा, रॅन्समधलाच. वडील कापडाचे बडे व्यापारी. १७९८ मध्ये फ्रांस्वा क्लिकोशी तिचं लग्न झालं. सासरीही कापडाचाच व्यापार, जोडीला थोडी वाइन. १८०५ मध्ये फ्रांस्वा तापाने गेला. तेव्हा बार्ब-निकोल २७ वर्षांची होती, पदरात एक लहान मुलगी.

सासरे धंदा गुंडाळायला निघाले होते. तो मी चालवते, असं तिने ठरवलं. आता गंमत बघा. नेपोलियनच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय साधा करारही करता येत नसे. विधवेला मात्र तो हक्क होता. सासऱ्यांनी एका अनुभवी वाइनवाल्याशी तिची चार वर्षांची भागीदारी लावून दिली. ती संपल्यावर १८१० मध्ये तिने कंपनीला स्वतःचं नाव दिलं. पुन्हा लग्न तिने कधीच केलं नाही.

दिवस वाईट होते. युरोपभर युद्ध, बंदरं बंद, गिऱ्हाईक नाही. तळघरात १८११ ची उत्तम वाइन नुसती पडून होती. १८१४ मध्ये नेपोलियन पायउतार झाला. रशियाची बाजारपेठ अजून रीतसर उघडलीही नव्हती, तोवर हिने गुपचूप एक डच जहाज ठरवून १०,५५० बाटल्या बाल्टिक समुद्राकडे रवाना केल्या. माल बुडाला किंवा जप्त झाला असता, तर सगळंच संपलं असतं. पण प्रतिस्पर्धी जागे होईपर्यंत तिच्या बाटल्या चढ्या भावाने विकल्या गेल्या.

मग नवीच अडचण आली. मागणी वाढली, पण माल वेळेत तयार होईना. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. त्यात मेलेल्या यीस्टचा गाळ साचतो आणि वाइन गढूळ होते. गाळ काढायला वाइन दुसऱ्या बाटलीत ओतली, तर बुडबुडे उडून जायचे. १८१६ च्या सुमारास बार्ब-निकोलने एका टेबलाला भोकं पाडून घेतली आणि त्यांत बाटल्या तोंड खाली करून अडकवल्या. रोज प्रत्येक बाटली थोडी फिरवायची. काही आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी जमायचा. बूच काढलं की आतल्या दाबानेच तो बाहेर! या कामात तळघराचा प्रमुख आंत्वान म्युलर तिच्या जोडीला होता, त्याचंही नाव लक्षात ठेवा. पुढे टेबलाची जागा तिरक्या फळ्यांनी घेतली, आता बहुतेक ठिकाणी यंत्रं आली. तत्त्व मात्र तेच.

१८६६ मध्ये, ८८ व्या वर्षी ती गेली.

तेव्हा जाताना स्वेटर न्या. खडूच्या दगडात खोदलेल्या त्या तळघरांत भर उन्हाळ्यातही थंडी असते. वाइन प्यायलाच हवी असंही नाही. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात वावगं कुणी मानत नाही. फक्त ग्लास एकदा उजेडात धरा. आरपार दिसेल. ती नितळ वाइन म्हणजे बार्ब-निकोलची कमाई.