कर्मवीर भाऊराव पाटील : नित्यनेम आणि शब्दनिष्ठा

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी समाजातील थोर व्यक्तींचे स्मरण करताना पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रक्रमाने डोळ्यांसमोर येते. सांगवीपासून जवळच, पिंपरी येथे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थायिक झालेल्या घरांतून ‘रयत’च्या शाळेत शिकलेले कोणी ना कोणी भेटतेच. शिक्षणमहर्षी म्हणून भाऊराव सर्वपरिचित आहेत. परंतु एवढे कार्य ज्या पायावर उभे राहिले, ते त्यांचे रोजचे साधे नेम आणि माणसांशी बोलण्याची त्यांची रीत यांविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. त्या दोन अंगांनी त्यांच्या चरित्राकडे पाहण्याचा हा अल्प प्रयत्न.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका दिगंबर जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते, तर मातोश्रींचे नाव गंगाबाई. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले व राजाराम हायस्कूलमध्ये जाऊ लागले. परीक्षेतील यश त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. मात्र पटलेली गोष्ट धरून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव तेथेच दिसून आला. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी सुरू झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची धुरा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आणला गेला. मागचा सल मनात धरणाऱ्या माणसाला ही आयतीच संधी होती. भाऊरावांनी कोठडीतील छळ सोसला, जिवावर बेतले तरी सोसले, परंतु खोटा शब्द तोंडातून काढला नाही. ज्यांच्याशी मतभेद झाला, त्यांच्याविषयीही असत्य बोलायचे नाही, हा सत्याणुव्रताचा धडा त्यांनी प्रत्यक्ष आचरणातून दिला. आपापसांतील मतभेदांच्या वेळी आपली जीभ कशी चालते, हे आठवून पाहिले म्हणजे या प्रसंगाचे मोल कळते.

त्यानंतर उपजीविकेसाठी त्यांनी ओगले काच कारखान्याचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीचे काम केले. या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलावे, त्याचे पीकपाणी, कर्ज, पोराबाळांची विचारपूस करावी, असा क्रम चालू राहिला. माल विकणाऱ्याला बोलावे लागते, तसे ऐकावेही लागते. या ऐकण्यातूनच अज्ञान हे रयतेच्या दैन्याचे मूळ आहे, अशी त्यांची खात्री पटली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, तिचे बीज या भ्रमंतीत आहे.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहू लागली. समतेवर भाषणे देऊन मुले बदलतील, असा भ्रम भाऊरावांनी बाळगला नाही. त्यांनी दिनक्रमच तसा घडविला. पाणी भरणे, झाडलोट, स्वयंपाक, शेतातील काम ही सर्व कामे मुलांनी पाळीपाळीने करायची आणि जेवायला एका पंगतीत बसायचे. आज ज्याच्यासोबत घागर उचलली, त्याच्या हातची भाकरी उद्या परकी वाटत नाही. रोज थोडे, ठरल्या वेळी आणि सर्वांनी मिळून, एवढ्या साध्या नेमाने शतकांची सवय मोडली व नवी सवय अंगी बाणली. महात्मा गांधींनी १९२७ साली येथे भेट दिली, तेव्हा या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. ‘कमवा व शिका’ ही योजना याच परिपाठातून वाढली.

या घडणीत सौ. लक्ष्मीबाईंचा वाटा फार मोठा आहे. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या त्या माउलीने सर्व जातींची मुले आपल्या स्वयंपाकघरात आपली म्हणून स्वीकारली. हा बदल त्यांच्याही मनाची कसोटी पाहणारा होता. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि एकदा घरात धान्य उरले नाही, तेव्हा मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या प्रत्येक विद्यार्थ्यावर त्यांचे ऋण आहे.

भाऊराव स्वतः गांधीजींच्या प्रभावाने खादीकडे वळले आणि ते व्रत त्यांनी अखेरपर्यंत पाळले. जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडी व हातात काठी या वेशात ते मंत्र्यांसमोर जात, तसेच गावच्या पारावरही बसत. ऐकणारा बदलला म्हणून त्यांचे बोलणे बदलत नसे. या स्पष्टपणाची किंमतही मोजावी लागली. १९४८ साली त्यांच्या वक्तव्यावरून सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत, कारण लोकांनी धान्य व पैसा देऊन त्या सांभाळल्या. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली व अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाड येथे स्थापन झालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, तर पुणे विद्यापीठाने डी. लिट्. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेला हा माणूस लाखोंच्या शिक्षणाचा आधार ठरला.

आपल्या परंपरेत सामायिक, प्रतिक्रमण, चातुर्मासातील नियम हे सारे सवयीचेच शास्त्र आहे, तर भाषासमिती हे बोलण्याचे. परंतु नियम उपाश्रयापुरता आणि गोड वाणी पाहुण्यांपुरती राहिली, तर दोन्हींचा उपयोग काय? कारखान्याच्या पाळ्या आणि प्रवास यांत आज आपल्या घरांतील माणसे एकमेकांना क्वचितच भेटतात. दिवसातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, त्या वेळी घरातील लहानाचेही पूर्ण ऐकून घ्यावे आणि अनुपस्थित व्यक्तीविषयी वावगे बोलू नये, एवढा एक नेम प्रत्येक कुटुंबाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतला व निष्ठेने पाळला, तर कर्मवीरांच्या पंगतीत आपलेही एक पान मांडले गेले, असे म्हणता येईल.