तोफांचे नांगर करणारे मास्तर

तुमच्या कॉलेजच्या नाहीतर आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एखादं जुनं लेथ मशीन कोपऱ्यात धूळ खात पडलंय का? मुखेडमध्ये राहून काही करायचं म्हटलं तर सामानच कुठंय, असं तुम्हालाही वाटतं ना? मग या मास्तरांची गोष्ट वाचाच.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखूच येईनात! रंग सुटले, रेघ मात्र सुटली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला ते शिकले आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. तिथल्याच वर्कशॉपमध्ये यंत्रांवर हात बसला. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीच सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथं भाऊ रामुअण्णांसोबत सायकलचं दुकान होतं. मग कडबा कापायचं यंत्र बनवलं, लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडानं जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षं लागली! बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. बाहेरून येणारं लोखंड मिळेनासं झालं. आता नांगर ओतायचे कशातून? लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या, निकामी तोफा मिळवल्या. त्या फोडल्या, वितळवल्या आणि त्याच लोखंडाचे नांगर केले. युद्धाचं सामान शेतात कामाला आलं!

२६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. पण घरच्या आजोबांना विचारून बघा, किर्लोस्कर नांगर त्यांच्या लक्षात असेल.

आता पुन्हा त्या कोपऱ्यातल्या मशीनकडे या. सरांची परवानगी घ्या, वीज बंद करा, गंज काढा, तेल द्या. कोणता भाग गेलाय ते बघा, त्याचं माप घ्या, कागदावर ड्रॉइंग काढा. तो भाग गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात किंवा नांदेडला बनवून मिळतो का, विचारा. कदाचित मशीन चालू होणार नाही. पण ते उघडून पाहताना जे शिकाल, ते कुणी भंगारात काढू शकणार नाही.