माकडं पाच की पन्नास?

क्ष² − ५५क्ष + २५० चा आलेख काढा म्हटलं, की कड्यातल्या कॉलेजातही हात आधी मोबाइलकडे जातो. पण हे गणित आलंय पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या एका कोड्यातून. कोडं भास्कराचार्यांचं.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडवीड. ते नेमकं कुठलं यावर वाद आहे. कुणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, तर कुणी थेट आपलं बीड! वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. तेव्हा ‘क्ष’ नव्हता. पहिल्या अज्ञात राशीला ते यावत्तावत् म्हणत, पुढच्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावं. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब.

आता कोडं. माकडांच्या कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. एकूण किती?

उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पण ५ धरली, तर पाचवा भाग एक. त्यातून तीन गेले की उरतात उणे दोन. वर्ग केला की गणित जुळतं, पण उणे माकडं कुणाला पटणार? म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिलं.

आता पेन्सिल घ्या. वक्र आडव्या अक्षाला ५ आणि ५० वर छेदतो, उभ्या अक्षाला २५० वर. मधोमध, २७.५ ला, तो −५०६.२५ पर्यंत उतरून वळतो. चार बिंदू मिळाले, वक्र झाला.

वळणावर चढ शून्य असतो. ग्रहांच्या गणितात भास्कराचार्यांनी हेच टिपलं होतं: ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती सर्वांत मोठी होते, त्या क्षणी तिच्या बदलाचा वेग शून्य होतो. आणि अक्षांवर वक्र मांडण्याची वाट दाखवणारं देकार्तचं पुस्तक आलं १६३७ मध्ये!

वयाच्या ६९ व्या वर्षीही ते थांबले नव्हते. ११८३ मध्ये ‘करणकुतूहल’ लिहिलं. पुढे नातू चांगदेवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. तिथल्या शिलालेखात ही नोंद आहे.

मोबाइल दोन्ही छेदबिंदू दाखवेल. त्यातला कुठला सोडायचा, ते मात्र माकडं मोजूनच ठरवावं लागतं.